कागदी मेडुसा: खाऱ्या, दमट हवेत टिकणारा अर्धपुतळा कसा करावा?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी,

आठवी-नववीच्या मुलांकडून मेडुसाचा अर्धपुतळा करून घ्यायचा आहे. मेडुसा म्हणजे ग्रीक पुराणातली, केसांच्या जागी साप असलेली राक्षसी; तिच्याकडे बघणारा दगड होतो. प्रदर्शन डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. उंची पाटापासून सगळ्यात वरच्या सापापर्यंत दीड फूट, चेहरा जवळजवळ खऱ्या माणसाएवढा. साहित्य देवगडच्या बाजारात मिळेल तेवढंच: रद्दी, मैदा, फेविकॉल, तार, सुतळी, सुंभ. गणपतीच्या कारखान्यात उरलेली शाडूही मिळू शकते. खर्च दीड हजाराच्या आत बसवायचाय. शाळा खाडीला लागून, म्हणजे खारी हवा बाराही महिने, आणि पाऊस अजून पुरता गेलेला नाही.

विचारायचं ते असं. कागदाचा लगदा थापावा की पट्ट्या चिकटवाव्यात? बुरशीला काय उपाय? सापांसाठी कोणती तार घ्यावी, आणि पंधरा-सोळा साप डोक्यात रोवल्यावर पुतळा पुढे कलंडणार नाही ना? सापांना सुंभ गुंडाळायचा मुलांचा बेत आहे, तो चालेल का? शेवटचा रंग संगमरवरी द्यावा की ब्राँझचा?

व्हिडिओ सगळे कोरड्या हवेतले. ‘रात्रभर वाळू द्या’ म्हणतात. आपल्याकडे रात्रभरात फक्त वास सुटतो.

लगदा_आणि_खळ

पट्ट्या. लगदा फक्त भुवया, नाक, ओठ आणि गालाची हाडं एवढ्यापुरता.

हाताने कितीही पिळला तरी लगद्यात वजनाच्या निम्म्याहून जास्त पाणीच असतं. ते निघून जाताना लगदा आक्रसतो. आतला सांगाडा आक्रसत नाही, म्हणून भेग पडते. शिवाय जाड थर बाहेरून कडक होतो आणि आतली ओल कोंडते. दमट हवेत आठवड्याभरात काळे ठिपके वर येतात ते तिथूनच. पट्ट्यांचे तीन थर मिळून एक मिलिमीटरही भरत नाहीत. पंख्याखाली ते दिवसा-दीड दिवसात वाळतात.

आधी सांगाडा. १२ मिमी प्लायवूडचा ३० × ३० सेंमी पाट घ्या. त्यावर दीड इंच चौरस लाकडाचा ३० सेंमी उंच खुंटा, खालून दोन लांब स्क्रू आणि बाजूंनी चार छोटे एल-क्लॅम्प. एकाच स्क्रूवर खुंटा गरगर फिरतो. खुंटा पाटाच्या मधोमध नको, चार सेंमी मागे घ्या आणि मागच्या बाजूला किंचित, दहा अंशांइतका, कलू द्या. यामागे दोन कारणं. पुढच्या सापांचं वजन पाटाच्या आतच पडतं. आणि पुतळा टेबलावर ठेवला की चेहरा उभ्या माणसाच्या छातीशी येतो. मान सरळ ठेवली तर मेडुसा बघणाऱ्याच्या शर्टाच्या बटणांकडे बघत बसते. तिची सगळी कथाच नजरेची आहे, तेव्हा डोळे समोरच्याच्या डोळ्यांना भिडले पाहिजेत.

पाटावर खुंट्याभोवती तीन-चार किलो वजन हवं. जांभ्याचा तुकडा ठेवायचा मोह होईल, पण जांभा सच्छिद्र असतो, ओल शोषून पुतळ्याच्या पोटात देत राहतो. पुळणीवरची वाळू तर अजिबात नको, तिच्यातलं मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि स्क्रू गंजतात. काळ्या दगडाची खडी धुऊन, वाळवून प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत भरा आणि पिशवी सुतळीने खुंट्याला आवळा.

डोक्याचा गाभा कोरड्या रद्दीच्या बोळ्यांचा. एकेक बोळा घट्ट दाबून मास्किंग टेपने बांधायचा. २० सेंमी उंच, १५ सेंमी रुंद, हनुवटीकडे निमुळता. अंगठा दाबला तर आत जाता कामा नये, नाहीतर वरचे थर ओले असताना नाकाशेजारी खड्डा पडतो. फुग्यावर करू नका. दुपारी फुगतो, रात्री आकसतो, आणि ओला कागद सुरकुततो. गाभ्याच्या वरच्या अर्ध्या भागावर, टोपीसारखी, खुराड्याला लावतात ती अर्धा इंची जाळी बसवा आणि तारेने खुंट्याला बांधा. साप या जाळीतच अडकणार आहेत.

पट्ट्या फाडायच्या, कापायच्या नाहीत. फाटलेली कड पातळ होते आणि खालच्या थरात मिसळून जाते, कापलेल्या कडेची रेघ रंगातूनही दिसते. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटतं, दुसऱ्या दिशेने वेडंवाकडं. सरळ फाटतं ती दिशा धरा आणि दोन-अडीच सेंमी रुंदी ठेवा. एक थर उभा, पुढचा आडवा. एक थर वर्तमानपत्राचा, दुसरा खाकी कागदाचा घेतला तर कुठे राहून गेलंय ते मुलांना लगेच दिसतं. एकूण आठ थर. तीन झाले की थांबा, पूर्ण वाळवा, मग पुढचे तीन, मग दोन. हे थांबणं मुलांना जमत नाही, तुम्हालाच पहारा द्यावा लागेल.

खळ: १०० ग्रॅम मैदा पाव लिटर थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, अर्धा लिटर उकळत्या पाण्यात ओता आणि मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा. गार झाल्यावर तिच्या निम्मं फेविकॉल मिसळा. लागेल तेवढीच करा, दुसऱ्या दिवशी आंबूस वास आला तर टाकून द्या. चिंचोक्याची खळ मैद्याहून चिवट होते. सावंतवाडीच्या गंजिफांच्या पत्त्यांनाही तीच लागते. पण चिंचोके भिजवून, सोलून, वाटून शिजवायला वेळ हवा.

आता मीठ. बऱ्याच कृतींत बुरशी येऊ नये म्हणून खळीत मीठ घालायला सांगतात. आपल्याकडे ते उलटतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढायला लागतं, आणि पावसाळ्यात आपली आर्द्रता त्याच्या खाली क्वचितच येते. पुतळा कायमचा चिकट राहील. त्याच कारणाने समुद्रालगतच्या मचूळ विहिरीचं पाणी खळीला किंवा लगद्याला वापरू नका. पाणी उडून जातं, मीठ कागदात राहतं.

वाळलं की नाही हे बोटाने कळत नाही. गालाला लावून बघा, गार लागलं तर आत पाणी आहे. खात्रीचा उपाय वजनकाटा: पुतळा सकाळी मोजा, दुसऱ्या सकाळी मोजा. आकडा तोच आला की वाळला.

लगद्याचं प्रमाण: पिळलेला लगदा १ किलो, व्हायटिंग पावडर (खडूची भुकटी) ३०० ग्रॅम, फेविकॉल १५० ग्रॅम. कागद चोवीस तास भिजवून मिक्सरमध्ये भरपूर पाण्यासोबत फिरवा, नाहीतर मिक्सरची मोटर जळते. मळून झाल्यावर चपातीच्या कणकेहून किंचित सैल हवा. एका वेळी पाच मिमीपेक्षा जाड थापायचा नाही. नाक मोठं हवं असेल तर आधी पुठ्ठ्याचा त्रिकोण चिकटवा आणि त्यावर लगद्याची फक्त कातडी चढवा.

तार_पक्कड

वरचं सगळं बरोबर. सापांचं मी सांगतो.

तार २ मिमी ॲल्युमिनियमची घ्या. सहा मीटर पुरते, वजन जेमतेम ५० ग्रॅम. तेवढीच १६ गेजची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार १०० ग्रॅमच्या आसपास भरते आणि कापलेल्या टोकाशी गंजते. सळया बांधायची काळी तार घेऊच नका, ओल्या कागदात दोन दिवसांत गंज सुटतो आणि त्याचे पिवळे डाग पांढऱ्या रंगातून वर येतात. जुन्या वायरिंगची तांब्याची तार फुकट मिळत असेल तर चालेल, मात्र प्लॅस्टिकवर खळ धरत नाही, आधी मास्किंग टेप गुंडाळा.

एक तार, दोन साप. ६० सेंमीचा तुकडा घ्या, मधोमध इंग्रजी यू आकारात वाकवा, दोन्ही टोकं जाळीच्या एका बाजूने आत घालून चार-पाच सेंमीवरून बाहेर काढा आणि पक्कडीने मुळाशी एकमेकांभोवती एक पीळ द्या. असे आठ तुकडे म्हणजे सोळा साप. वाक जाळीत अडकतो, त्यामुळे साप ओढला तरी निघत नाही. एकेक तार नुसती खोचून गोंदाने चिकटवली तर साप हाताळताना मुळाशी हलतो, आणि तिथला कागद फाटतो. प्रदर्शनात सापाला हात लावल्याशिवाय कोणी पुढे जाणार नाही, हे धरूनच चला.

जाळीत बसवण्याआधीच सापांना वळणं देऊ नका. सगळे सरळ बसवा, मग मागचे चार मानेवर पाडा, बाजूचे सहा कानांच्या मागून खाली आणि परत वर, पुढचे सहा वर उभे. उभ्यांपैकी दोनच पुढे झुकवा. हे करताना पुतळ्याच्या पाटाखाली पुढच्या कडेजवळ एक पेन्सिल आडवी ठेवून बघा, पाट पुढे डुलला तर सापांची वळणं मागे घ्या. रंग झाल्यावर हे करता येत नाही.

अंग भरायला तारेवर टिश्यूपेपर किंवा रद्दीचा पीळ, त्यावर टेप, त्यावर पट्ट्यांचे तीन थर. इथे पट्ट्या एक सेंमीच्या, आणि तिरप्या गुंडाळायच्या. रुंद पट्टी वळणावर चुणते. मधे दीड सेंमी जाडी, मानेशी एक, शेपूट डोक्यातच गेलेली असते त्यामुळे तिची चिंता नाही. पूर्ण झालेला साप ३० ग्रॅमच्या आत बसवा. सोळांचं मिळून अर्धा किलो होतं, तळातल्या खडीपुढे ते काहीच नाही.

सापांची तोंडं एम-सीलची. वाटाण्याएवढे दोन्ही भाग समप्रमाणात, हातमोजे घालून मळा. वीस मिनिटांत आकार द्यावा लागतो, म्हणून एका वेळी दोनच तोंडांपुरतं मळा.

खवल्यांसाठी जुन्या मासेमारी जाळ्याचा बारीक आसाचा, म्हणजे लहान भोकांचा, तुकडा घ्या. गोड्या पाण्यात धुऊन वाळवा. शेवटच्या थरावर प्रायमरचा जाडसर हात द्या, अर्धवट ओला असताना जाळं ताणून गुंडाळा, दाबा, सोडवा. चौकटी उमटतात. जाळं तिथेच ठेवून रंगवू नका, नायलॉनवर रंग टिकत नाही.

देवळाची_पायरी

तांत्रिक बाजू भक्कम आहे, रूपाचं बोलू. मुलांना आधी ठरवायला लावा की कोणती मेडुसा.

गॉर्गन बहिणी तीन: स्थेनो, युरिआली आणि मेडुसा. तिघींत मरण फक्त मेडुसालाच होतं. आईबाप कीटो आणि फॉर्किस, दोघंही समुद्रातली दैवतं. पर्सियस या वीराने तिचं मुंडकं कापलं तेव्हा धडातून तिची दोन मुलं, पेगासस हा पंखवाला घोडा आणि क्रायसॉर, बाहेर पडली, आणि मुंडकं शेवटी अथीना देवीच्या ढालीवर जाऊन बसलं.

जुन्या ग्रीक शिल्पांतली ती सुंदर बाई नाही. गोल, रुंद चेहरा, बटबटीत डोळे, बाहेर आलेली जीभ, रानडुकरासारखे सुळे, कधी दाढीसुद्धा. ग्रीसमधल्या कोर्फू बेटावरच्या आर्टेमिस देवीच्या देवळाच्या दर्शनी त्रिकोणात, इ.स.पू. ५८०च्या सुमाराची, अशीच आहे. कमरेला दोन सापांचा पट्टा आणि चेहरा सरळ आपल्याकडे. हे मुखवटे ग्रीक लोक ढालींवर आणि इमारतींवर अनिष्ट टाळण्यासाठी लावत. आपल्या देवळाच्या उंबऱ्यावरचं कीर्तिमुख मुलांना दाखवा, दोघांचा कामधंदा सारखाच आहे. नंतरच्या काळात चेहरा माणसाळत गेला. म्युनिकच्या ग्लिप्टोथेक संग्रहालयातली ‘रोंडानिनी मेडुसा’ शांत, देखणी आहे, डोक्याला दोन पंख आणि हनुवटीखाली दोन सापांची गाठ. आणि तुम्हाला अर्धपुतळाच करायचा आहे तर सतराव्या शतकातला, बर्निनी या इटालियन शिल्पकाराचा, रोममधल्या कॅपिटोलाइन संग्रहालयातला, बघा. तिथे साप केसांसारखे गुंतलेले आहेत आणि चेहऱ्यावर राग नाही, वेदना आहे. भुवया मधोमध वर, बाहेरच्या टोकाला खाली, तोंड किंचित उघडं. फक्त भुवयांचा हा तिरका लगदा नीट बसला तरी अर्धं काम झालं.

एक गोष्ट आवर्जून: सापांना फणा काढू नका. आपल्या हाताला नागपंचमीची सवय, साप म्हटलं की नाग. ग्रीसमध्ये नाग नाही. तिथले विषारी साप घोणसाच्या कुळातले: त्रिकोणी डोकं, बारीक मान, जाडसर अंग. गंमत म्हणजे जुन्या ग्रीक चित्रांत सापांना बऱ्याचदा दाढी असते. एखाद्या सापाला एम-सीलची टोकदार दाढी लावली तर बघणारे हमखास विचारतील, आणि मुलांना सांगायला मिळेल.

कुडाळचो

सुंभाचा इचारलात म्हणून सांगतंय. बाजारातलो सुंभ खाडीच्या खाऱ्या पाण्यात कुजवलेल्या नारळाच्या सोडणांचो आसता. मीठ त्याच्या पोटात ऱ्हवता नि पावसात ओल धरता. वापरूचोच आसात तर आधी गोड्या पाण्यात दोन दिवस भिजवा, पाणी चार वेळा बदला, उन्हात कडकडीत सुकवा. नि अख्ख्या सापाक गुंडाळू नकात, सुंभाचो पीळ जाता थोडोच, वळण सोडून साप सरळ होवक बघता. मानेकडे, सापांच्या मुळात भरूक मात्र बरो: सुटो काथो खळीत बुडवून दोन सापांच्या मधल्या फटीत चेपा, जाळी दिसाची नाय.

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार. मुलं आता बर्निनीच्या वाटेने जायचं म्हणतायत, दाढीवाला साप मात्र त्यांना हवाच आहे.

तीन शंका उरल्या. एक, खळीत मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) घालायला काहीजण सांगतात, घालावा का? दोन, चेहरा शाडूत करून त्यावरून साचा घेतला तर जास्त रेखीव होईल का? तीन, तळाशी शिंपले आणि पोवळ्यासारखं काही लावायचंय, समुद्रातली दैवतं आईबाप आहेत म्हणून.

लगदा_आणि_खळ

मोरचूद बुरशी मारतो, पण इथे नको. तो विषारी आहे, मुलांचे हात खळीत असणार. आणि तो जस्ताला आणि लोखंडाला खातो: जीआयच्या जाळीवर मोरचूदाची खळ बसली की जस्त विरघळतं, त्याजागी तांब्याचा लालसर काळा थर येतो आणि जाळी गंजायला मोकळी होते. ॲल्युमिनियमचंही तेच. त्याऐवजी बोरिक पावडर, एक लिटर खळीला दोन चमचे, मैदा शिजत असतानाच. झुरळं आणि कसर दोन्ही लांब राहतात. पोटात जायची वस्तू नाही, डबा मोठ्यांच्या ताब्यात ठेवा. टाकणखार (बोरॅक्स) मात्र घेऊ नका, फेविकॉलमध्ये पडला की त्याचा रबरासारखा गोळा होतो.

तरीही खरा इलाज वारा. खोलीत टेबलफॅन सलग चालू, पुतळा भिंतीपासून दीड फूट लांब, पाटाखाली दोन पट्ट्या घालून उचललेला. मागे मानेच्या खाली रुपयाएवढं भोक ठेवा, आतली हवा खेळती राहते. पाऊस असेपर्यंत सांगाडा, गाभा आणि सापांच्या तारा एवढंच करा. कागदाचं काम दसऱ्याच्या आसपास सुरू करा. ऑक्टोबरचं ऊन जे महिन्याचं काम आठवड्यात करतं ते कुठलीही पावडर करत नाही. फक्त ओला पुतळा थेट कडक उन्हात ठेवू नका, एक बाजू आधी वाळून चेहरा वाकडा होतो. सावलीत वारा, मग ऊन.

शाडूचा चेहरा: हो, रेखीवपणा वाढतो, पण मुखवटा सोडवताना शाडूत अडकणाऱ्या खाचा नकोत. नाकपुड्या, उघड्या ओठांची आतली बाजू, हनुवटीखालचा खोलगट भाग भरून टाका, त्या खाचा नंतर कोरा. शाडूवर पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचा, खळीशिवाय. तोच अस्तर होतो आणि सुटतो. व्हॅसलीन लावलं तर मुखवट्याच्या आत तेलकटपणा राहतो आणि तो गाभ्याला चिकटत नाही. त्यावर सहा थर. शाडू ओली असते, ती खालून पाणी देत राहते, म्हणून तीन थरांनंतर वाळायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ धरा. अर्धवट वाळलेला मुखवटा उचलला तर गाल पसरतात. शाडू भिजवून परत वापरता येते, फेकू नका.

देवळाची_पायरी

पोवळ्याची कल्पना कथेत चपखल बसते. पर्सियसने मेडुसाचं मुंडकं समुद्रकाठी शेवाळावर ठेवलं आणि ते शेवाळ दगड होऊन पोवळं झालं, अशी कथा आहे. पंख्यासारख्या पसरणाऱ्या मऊ प्रवाळांना शास्त्रातही गॉर्गनवरून ‘गॉर्गोनियन’ म्हणतात.

पण खरं प्रवाळ किंवा समुद्रपंखा किनाऱ्यावर वाहून आलेला मिळाला तरी उचलू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली ते संरक्षित आहेत, आणि तुम्ही मालवणपासून फार लांब नाही, तिथे तर सागरी अभयारण्यच आहे. खोटं पोवळं सोपं: सुकलेली काटक्यांची फांदी, करवंदीची उत्तम, कारण तिला दुभंगणारे फाटे असतात. फेविकॉल आणि व्हायटिंगच्या दाट मिश्रणात तीनदा बुडवून उलटी टांगा. टोकांशी थेंब गोळा होऊन वाळतात आणि तीच पोवळ्याची बोंडं दिसतात. वर लाल रंग. साधे शिंपले चालतील, पण गोड्या पाण्यात रात्रभर ठेवून, आतलं मांस पूर्ण काढून, वाळवून. नाहीतर प्रदर्शनात लोक दगड होतील ते वासाने.

तार_पक्कड

रंगाचं राहिलंच. संगमरवर नको. पांढऱ्यावर प्रत्येक पट्टीची कड, प्रत्येक उंचवटा दिसतो. शिवाय ग्रीकांनी आपले संगमरवरी पुतळे रंगवलेलेच होते, पांढरे ठेवलेले नव्हते. ब्राँझ करा, कागदाचा ओबडधोबडपणा ओतकामासारखा खपून जातो.

आधी प्रायमर: व्हायटिंग दोन भाग, फेविकॉल एक, पाणी एक. दोन हात, प्रत्येक वाळल्यावर १२० आणि मग २२० नंबरचा पॉलिशपेपर. चेहऱ्यावर तिसरा हात. भिंतीची सिमेंटवाली पुट्टी वापरू नका, कागद हवेबरोबर थोडा फुगतो-आक्रसतो, पुट्टी तशी हलत नाही आणि कपच्या उडतात.

त्यावर काळा आणि तपकिरी ॲक्रिलिक मिसळून पूर्ण पुतळा गडद. खाचाखोचांत रंग गेलाच पाहिजे, सापांच्या मुळाशी बारीक ब्रश. वाळल्यावर सोनेरी-तांबूस मेटॅलिक रंग सपाट ब्रशला घ्या, वर्तमानपत्रावर ब्रश जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसा आणि फक्त उंचवट्यांवर फिरवा: नाकाचा शेंडा, भुवया, ओठ, खवले. ब्रश ओला राहिला तर पुतळा देवघरातल्या पितळी समईसारखा चकचकतो.

शेवटी कळंक, म्हणजे जुन्या ब्राँझवर चढतो तसा हिरवट थर. पांढरा, हिरवा आणि निळ्याचा थेंब, पाण्यासारखा पातळ. तो खाचांत आणि पाणी जिथून ओघळून साचेल तिथे, म्हणजे डोळ्यांखाली, सापांच्या पोटाखाली, मानेच्या वळीत. वर आलेला लगेच ओल्या फडक्याने टिपा. नाकाच्या शेंड्यावर कधीच नाही, कारण खऱ्या धातूवर जिथे हात लागतो तिथे कळंक टिकत नाही.

व्हार्निश वजनकाट्याने होकार दिल्याशिवाय लावू नका. आत ओल असताना लावलं तर वाट बंद होते, फोड येतात आणि बुरशी व्हार्निशच्या खालून वाढते. मग खरवडण्याशिवाय गत्यंतर नाही. ॲक्रिलिकचं मॅट व्हार्निश, दोन पातळ हात, आणि पाटाची खालची बाजूही विसरू नका. मागच्या भोकाच्या आत मात्र ब्रश घालू नका.

खर्च: प्लाय आणि लाकूड सुताराकडचे तुकडे, रद्दी आणि जाळं फुकट. मैदा एक किलो, फेविकॉल एक किलो, व्हायटिंग दीड किलो, तार, अर्धा मीटर जाळी, टेपची तीन बंडलं, एम-सील, चार रंग, व्हार्निश. दीड हजारात बसतं, पण मेटॅलिक रंगाची बाटली छोटीच घ्या, कोरड्या ब्रशला फार लागत नाही.

खाडीकाठ

उत्तम. प्रदर्शन तालुक्याला आहे, रिक्षातून न्यायचंय. सापांचं काय करावं?

तार_पक्कड

पुतळा उभाच न्या, आडवा घातला की सगळं वजन दोन सापांवर येतं. खोक्याचा तळ पाटापेक्षा जेमतेम मोठा हवा. पाटाला खालून दोन स्क्रू मारून तो खोक्याच्या तळाशी, आत घातलेल्या प्लायच्या तुकड्याला पक्का करा. डोक्याभोवती काही कोंबू नका. रद्दी भरली तर ती हादऱ्याने सापांवरच दाबते. खोक्याच्या चारही बाजू सापांपासून तीन बोटं लांब राहिल्या की पुरे. जादा एम-सील, गडद रंगाची डबी आणि एक बारीक ब्रश बरोबर ठेवा. उद्घाटनाआधी एखादी जीभ मोडलेली असणारच.

कुडाळचो

नि रिक्षावाल्याक आधीच सांगा आत काय आसा तां.